शाब्रोल रस्त्यावरचा वळू

पाब्लो पिकासोच्या अकरा वळूंची रांग डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी कधी ना कधी पाहिलेली असते. पहिला वळू अंगापिंडाने भरलेला, अकरावा चार रेघांचा. अॅपल कंपनी आपल्या माणसांना शिकवताना ही रांग पडद्यावर दाखवते, अशी बातमी काही वर्षांपूर्वी आली होती. सांगायचं असतं ते इतकंच, की नको ते काढून टाका, उरेल ते सार. मी लिथोग्राफी शिकवते. दगड घासण्यात, त्यावर डिंक चढवण्यात आणि मुलांना धीर धरायला लावण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. ती रांग पडद्यावर दिसली, की मला दर वेळी वाटतं, यातलं मुख्य तेच सांगायचं राहिलं. हे अकरा वळू अकरा निरनिराळ्या कागदांवर काढलेले नाहीत. एकाच दगडावर, आधीच्याला खरवडून पुढचा, असे ते उभे राहिले आहेत. दगडावरचं काही काढून टाकणं म्हणजे काय असतं, हे ज्याने हाताने केलं आहे, त्याला तो उपदेश इतक्या सहज करता येणार नाही.

म्हणून त्या दगडाची आणि तो ज्या छापखान्यात होता त्या छापखान्याची हकीकत आधी सांगायला हवी.

२ नोव्हेंबर १९४५ रोजी पिकासो पॅरिसमधल्या र्‍यू द शाब्रोल या रस्त्यावरच्या मुर्लो छापखान्यात आला. चौसष्टावं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं. जर्मन फौजा पॅरिसमधून जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी शहरात कोळशाची टंचाई होती आणि हिवाळा तोंडावर होता. ग्रांझ-ओगुस्तँ रस्त्यावरचा त्याचा स्टुडिओ भलामोठा, उंच छताचा; तो ऊबदार ठेवणं कठीण. छापखान्यात शेगडी पेटलेली असे, हेही त्याच्या येण्याचं एक कारण सांगतात. जॉर्ज ब्राकने त्याला हा छापखाना सुचवला होता. त्याआधी त्याने लिथोग्राफ केले होते, पण ते मोजके, तेही पंधरावीस वर्षांपूर्वी. आता मात्र तो आला तो ठाण मांडूनच बसला. फेर्नां मुर्लोंनी त्याला एक कोपरा मोकळा करून दिला. सकाळी नऊच्या सुमारास यायचं, संध्याकाळ उलटून गेल्यावर जायचं, असं जवळजवळ चार महिने चाललं.

मुर्लो घराणं १८५२ पासून छपाईच्या धंद्यात. फेर्नां हे तिसऱ्या पिढीतले. १९३० मध्ये लूव्रमधल्या देलाक्रवाच्या मोठ्या प्रदर्शनाचं पोस्टर त्यांनी छापलं आणि मग संग्रहालयांची पोस्टरं ही त्यांची ओळख झाली. चित्रकाराने रंगात केलेलं चित्र यायचं, छापखान्यातले कसबी कारागीर ते रंगागणिक वेगवेगळ्या दगडांवर उतरवायचे आणि चित्र छापून बाहेर पडायचं. चित्रकाराने दगडापाशी यायची गरजच नसे. पिकासोबरोबर इथे वारंवार येणाऱ्या फ्रान्स्वाझ जिलो यांनी पुढे आपल्या आठवणींत या जागेचं वर्णन केलं आहे: अंधारी, कोंदट, जिकडेतिकडे पोस्टरांचे ढीग आणि दगडांच्या चळती, हवेत सतत ओल. ती ओल मला ओळखीची आहे. लिथोच्या खोलीत कागद ओलसर हवा, दगड ओला हवा, स्पंज कधी वाळू द्यायचा नाही. आमच्या छापखोलीत पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, पण प्रूफं सगळ्यांत चांगली तेव्हाच निघतात.

आता दगडाकडे येऊ. बव्हेरियातल्या झोल्नहोफन गावाच्या परिसरात एक फार बारीक कणांचा, फिकट पिवळसर-करडा चुनखडक मिळतो. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या एका उथळ समुद्राच्या तळाशी तो थरांनी साचला. याच दगडात १८६१ मध्ये त्या सुप्रसिद्ध आदिपक्ष्याचा जीवाश्म मिळाला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'लिथोग्राफिका' हा शब्द आहे. आलोइस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटकं स्वस्तात छापायची होती. त्या खटपटीत अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये त्याला या दगडाचा गुण सापडला. हा दगड तेल पितो आणि पाणीही धरतो. पण जिथे तेल प्यायला तिथे पाणी टिकत नाही आणि जिथे पाणी आहे तिथे तेलकट शाई बसत नाही. बस्स, एवढ्यावर हे सगळं शास्त्र उभं आहे. तेलकट खडूने किंवा पातळ केलेल्या तेलकट शाईने दगडावर चित्र काढायचं. बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात नायट्रिक अॅसिडचे थेंब घालून ते वरून फिरवायचं, म्हणजे चित्राची जागा तेलासाठी आणि कोरी जागा पाण्यासाठी पक्की होते. मग स्पंजने दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाबाखालून काढायचा. कोरणं नाही, उठाव नाही. पृष्ठभाग सपाटच राहतो.

यातली मेख कुठे आहे, तर चित्र नुसतं दगडावर बसत नाही, ते दगडात उतरतं. कॅनव्हासवर चूक पुसता येते, वरून रंग चढवता येतो. दगडावर एकदा अॅसिडचा हात फिरला, की पुसायचं म्हणजे खरवडायचं. पात्याने किंवा सुईने वरचा थर काढायचा. जास्त खोल गेलात तर तिथे खड्डा पडतो, कागद टेकत नाही. कमी खरवडलंत तर खालचं तेल पुन्हा शाई धरतं आणि मेलेली रेघ चारपाच प्रुफांनंतर करडी सावली होऊन वर येते. नवी रेघ घालायची तर आधी दगडाची बंद झालेली जागा सौम्य आम्लाने पुन्हा उघडावी लागते, आणि त्या भरात आजूबाजूचं नाजूक काम जळण्याची भीती असतेच. माझ्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने एकाच दगडावर तीन वेळा फेरफार करून स्वच्छ प्रूफ काढलं, तर आम्ही सगळे ते बघायला जमतो. पिकासोने अकरा वेळा काढलं. नेमकं सांगायचं तर पिकासोने फेरफार केले आणि मुर्लोंच्या माणसांनी ते काढून दाखवलं.

त्या माणसांची नावं ठाऊक आहेत, आणि ती लक्षात ठेवायला हवीत. आंरी देशां. सेलेस्तँ. आणि ज्यांना सगळे पेर म्हणजे 'बाबा' म्हणत ते म्हातारे तुतँ. तुतँबाबांना पिकासोचं काम मुळीच आवडत नसे आणि ते लपवतही नसत. पण अशक्य वाटणारा दगड कोणाकडे द्यायचा, हा प्रश्न आला की तो त्यांच्याकडेच जाई, आणि ते तो छापून देत. मला या गोष्टीबद्दल विलक्षण आदर वाटतो. न आवडणारं चित्र जीव ओतून छापायचं, यात कारागिराची सगळी प्रतिष्ठा आहे.

वळूचा दगड सुरू झाला तो ५ डिसेंबरला. पहिला वळू ब्रशने, पातळ शाईच्या छटांनी काढलेला आहे. एका बाजूने दिसणारा, धष्टपुष्ट, कोणत्याही चांगल्या चित्रकाराच्या वहीत शोभावा असा. छापखान्यातल्या माणसांना वाटलं, झालं काम. पण १२ तारखेला दुसरा आला, आणि तो पहिल्यापेक्षा हलका नाही, उलट जड आहे. काळोखा, जाड कातडीचा, गव्यासारखा दणकट. सारांश शिकवणारे लोक या दुसऱ्या वळूपाशी कधीच थांबत नाहीत, कारण तो त्यांच्या गोष्टीत बसत नाही. काढून टाकायचंच होतं तर त्याने आधी इतकं भरलं कशाला? माझं मत असं, की त्याला जनावराचं वजन हातात घेऊन पाहायचं होतं. अजून जे अंगावर चढलेलंच नाही, ते उतरवणार काय?

१८ डिसेंबरच्या तिसऱ्या टप्प्यात अंग भरलेलंच आहे, पण स्नायूंच्या कडेने रेषा उमटू लागतात. कुठे सांधा आहे, कुठे मांस संपतं ते दिसू लागतं. २२ तारखेला त्या रेषा पक्क्या होतात, अंगाचे सरळ कडांचे तुकडे पडतात. मग २४, २६, २८ डिसेंबर. नाताळच्या आदल्या दिवशी एक, नाताळ उलटल्यावर लगेच दुसरा. याच दिवसांत वळूचं अंग झडत जातं आणि डोकं लहान होऊ लागतं. देशांच्या लक्षात आलं, की हा माणूस आता चित्रात भर घालत नाही, कमी करतो आहे. पिकासो त्यांचे गोंधळलेले चेहरे बघून हसायचा आणि म्हणायचा, की हा तुकडा खाटकाला द्यायला हवा, म्हणजे बायकांना बोट दाखवून सांगता येईल, आम्हाला हा भाग हवा, तो हवा. मग २, ५ आणि १० जानेवारी, आणि १७ जानेवारी १९४६ ला अकरावा आणि शेवटचा. त्यात डोकं इतकं बारीक उरलं आहे, की सेलेस्तँना ते मुंगीच्या डोक्यासारखं वाटलं. या हकीकती छापखान्यातल्या माणसांनी पुढे सांगितल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या आहेत.

या तारखा मी मुद्दाम एकीखाली एक लिहून वर्गात दाखवते. पहिल्या आणि दुसऱ्या वळूत सात दिवसांचं अंतर आहे. मधले काही टप्पे दोन-दोन दिवसांत झाले आहेत. आणि दहाव्या व अकराव्या वळूत पुन्हा सात दिवस. ज्या टप्प्यात सगळ्यांत कमी रेषा आहेत, त्याच्या आधीही सगळ्यांत मोठी वाट पाहिलेली आहे. आता हे खरं, की याच काळात त्याच्या हाताखाली दुसराही दगड होता. 'दोन नग्न स्त्रिया' हे चित्र त्याने १० नोव्हेंबर १९४५ ते १२ फेब्रुवारी १९४६ या काळात अठरा टप्प्यांतून नेलं, आणि इतरही लहानमोठी कामं चालू होती. तेव्हा ते सातही दिवस तो वळूसमोर बसून होता, असं मी म्हणत नाही. पण दगड तयार असताना त्याला हात न लावणं हेही काम असतं. मुलांना हे पटवणं सगळ्यांत अवघड जातं.

सेलेस्तँनी सगळे टप्पे डोळ्यांसमोर होताना पाहिले होते. त्यांना एक गोष्ट कळेना: ज्या रेघांच्या वळूपासून एरवी सुरुवात करायची असते, तिथे याने शेवट का केला? आणि मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, की तो आपला वळू शोधत होता, आणि त्या एका रेषेच्या वळूपर्यंत पोचायला त्याला बाकीच्या सगळ्या वळूंमधून जावं लागलं. या चित्रावर पुढे विद्वानांनी बरंच लिहिलं. मला सेलेस्तँच्या या म्हणण्यापलीकडे त्यात फारसं काही सापडलेलं नाही. छपाईच्या कारागिराने चित्रकाराचं काम इतकं नेमकं ओळखलेलं क्वचित वाचायला मिळतं.

पण हे सगळं दगडावरच का व्हायचं होतं? इथे थोडं मागे जावं लागेल. १९३५ मध्येच पिकासोने बोलून दाखवलं होतं, की चित्र घडताना त्याची जी रूपांतरं होतात, ती फोटोंतून जपून ठेवली तर मोठी मौजेची गोष्ट होईल; एखाद्या मनाने कोणत्या वाटेने आपलं स्वप्न आकाराला आणलं ते कदाचित त्यातून समजेल. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच ग्रांझ-ओगुस्तँच्या स्टुडिओत 'गेर्निका' रंगत असताना छायाचित्रकार दोरा मारने त्याचे टप्प्याटप्प्याने फोटो काढले. त्या फोटोंवरून आपल्याला कळतं, की कोणता हात आधी कुठे होता, वळूचं धड कधी वळलं. पण फोटो म्हणजे गेलेल्या चित्राचा पुरावा. ते चित्र स्वतः रंगाखाली गडप झालेलं असतं. लिथोच्या दगडाने त्याला ते दिलं जे कॅनव्हासने आणि कॅमेऱ्याने दिलं नव्हतं. दर टप्प्याला कागद लावायचा, प्रूफ काढायचं. तो वळू कागदावर कायमचा राहतो, आणि चित्रकार दगडावर त्याला निर्धास्तपणे मारू शकतो. मारण्याची ही मुभा नसती तर इतकं धाडस झालं असतं का? मला नाही वाटत. दहा चित्रं गमावून अकरावं मिळवायचं, हा सौदा कोणी करणार नाही. इथे त्याला काहीच गमवावं लागलं नाही.

आता त्या अकराव्या वळूबद्दल. त्याला सर्रास अमूर्त म्हणतात आणि मला ते मान्य नाही. अमूर्ताकडे जायची वाट त्याच्या कितीतरी आधी आखली गेली होती. हॉलंडच्या तेओ व्हान दुसबुर्खने १९१७-१८ च्या सुमारास एका गाईची अशीच चित्रमालिका केली. आधी ओळखू येणारी गाय, मग कोनाकोनांची गाय, आणि शेवटी पांढऱ्या जमिनीवर नुसते रंगीत चौकोन. त्या शेवटच्या चित्रात गाय शोधायला गेलात तर सापडत नाही. ती सापडू नये हाच त्याचा हेतू होता. पिकासोला ही वाट ठाऊक नव्हती असं कसं म्हणता येईल? तो त्या वाटेवर दहा पावलं गेला आणि थांबला. अकराव्या वळूला पाठ आहे, पोट आहे, चार पाय आहेत, शिंगं आहेत, शेपूट आहे आणि त्याचं नरपण शाबूत आहे. जाडी, छटा, स्नायू, कातडी सगळं गेलं, पण जनावर उभं आहे. आपल्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराला दाखवा; त्याला ते काय आहे ते सांगावं लागणार नाही. फार तर ते विचारेल, याचं वशिंड कुठे गेलं? कारण आपल्याकडे पोळ्याचा मातीचा बैल कितीही ओबडधोबड केला तरी कुंभार वशिंडाची चिमूट सोडत नाही. स्पेनच्या वळूला वशिंड नसतं. काय शेवटपर्यंत ठेवायचं, हे ज्याच्या त्याच्या गावच्या जनावरावर ठरतं. अमूर्त आकाराला असं गाव नसतं. हा वळू मलागात जन्मलेल्या आणि लहानपणापासून वडिलांबरोबर वळूंच्या झुंजी पाहिलेल्या माणसाचा आहे.

१९७३ मध्ये अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टनस्टाइनने वळूची सहा छापांची मालिका केली. ती उघडउघड पिकासो आणि दुसबुर्ख या दोघांना समोर ठेवून केलेली आहे, आणि तिच्या शेवटच्या छापात फक्त रंगांचे पट्टे आणि तिरकस रेषा उरतात. ती मालिका देखणी आहे. पण पिकासो जिथे थांबला ती जागा किती अवघड होती, हे मला तिच्यामुळे जास्त कळलं. पुढचं पाऊल टाकायला फार काही लागत नव्हतं. सगळी ताकद न टाकण्यात लागली.

हाच झोल्नहोफनचा दगड जहाजांतून आपल्याकडेही आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात शिळाछापावर पोथ्या आणि पंचांगं निघाली, देवादिकांची चित्रं निघाली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी घराघरांतल्या भिंती भरल्या. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्याच्या कामात होते. रविवर्माही कॅनव्हासवर चित्र रंगवायचा आणि छापखान्यातले कारागीर ते रंगारंगाने फोडून दगडांवर चढवायचे, मुर्लोंकडे पोस्टरं व्हायची तशीच. चित्रकार आणि दगड यांच्यामध्ये हे कारागीर उभे असत. १९४५ च्या हिवाळ्यात शाब्रोल रस्त्यावर फरक झाला तो हा, की चित्रकार स्वतः येऊन दगडापाशी बसला, आणि कारागीर त्याच्या शेजारी उभे राहिले. वळू त्या शेजारातून निघाला. आपल्याकडच्या छापखान्यांत दगड होते, हात होते, तीन पिढ्यांचं कसब होतं. तो शेजार घडला नाही याची मला मनापासून खंत वाटते. पुढे ऑफसेट आलं आणि ते दगड अडगळीत गेले.

मुर्लोंकडे त्यानंतर पिकासो वर्षानुवर्षं काम करत राहिला. ९ जानेवारी १९४९ ला त्याने केलेलं पांढरं कबुतर त्याच वसंतात पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर गेलं आणि जगभर पोचलं. तेही मुर्लोंचंच काम. फेर्नां मुर्लोंनी त्याच्या लिथोग्राफांची चार खंडांची सूची १९४९ ते १९६४ या काळात काढली. तीत वळूचा क्रमांक १७ आहे, आणि प्रत्येक टप्प्यापुढे तारीख आहे.

वळूचे टप्पे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसशेजारच्या पासाडेना गावी, नॉर्टन सायमन संग्रहालयात आहेत. मुलांकडे अमेरिकेला जाणारी आपली कितीतरी मंडळी त्या भागात महिनामहिना राहतात. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात म्हणून ती कायम भिंतीवर नसतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. आणि पाहायची संधी मिळाली, तर शेवटच्या वळूकडे धावू नका. १२ डिसेंबरच्या दुसऱ्या वळूपुढे आधी उभे राहा, आणि तिथून एकेक पुढे या.